साथ ओसरली, पण पुढे ढकललेल्या हक्कांचे काय?

१५ जानेवारी २०२६ रोजी कोल्हापूर महानगरपालिकेसाठी मतदान झाले. त्याच्या आधीचे मतदान १ नोव्हेंबर २०१५ रोजी झाले होते. जुन्या सभागृहाची मुदत नोव्हेंबर २०२० मध्ये संपली आणि तेव्हापासून पाच वर्षांहून अधिक काळ या शहराचा कारभार प्रशासकाने पाहिला. एका सभागृहाची संपूर्ण मुदत होईल एवढा हा काळ आहे. निवडणूक का झाली नाही, असे विचारले की सुरुवातीला एकच उत्तर मिळे, ‘कोरोना आहे.’ कोरोना गेला, तोंडावरचे मास्क उतरले, जत्रा भरल्या, राजकीय पक्षांच्या लाखालाखांच्या सभा झाल्या. पण नगरसेवक काही आला नाही.

आता निवडणूक पार पडली आहे. गुलाल उधळून झाला आहे. महामारीचा हिशेब संपला, झाले गेले गंगेला मिळाले, असे सर्वच पक्षांचे पुढारी सांगत आहेत. वारणा-पंचगंगेच्या काठावरील आंबेडकरी जनतेने मात्र हा हिशेब एवढ्यात बंद करू नये. कारण साथीच्या नावाखाली या देशात फक्त बाजार आणि शाळा बंद झाल्या नाहीत. निवडणूक पुढे ढकलली गेली, जनगणना पुढे ढकलली गेली, कामगारांचे कायदे मोडीत निघाले. या तिन्हींचा मार सर्वांत जास्त कोणावर पडला, हे तपासणे चळवळीचे कर्तव्य आहे.

प्रथम निवडणुकीचे पाहू. ७४ व्या घटनादुरुस्तीने नगरपालिका व महानगरपालिका यांना घटनात्मक दर्जा दिला. १ जून १९९३ पासून ही दुरुस्ती अमलात आली. अनुच्छेद २४३ यू सांगतो की, पालिकेची मुदत पाच वर्षे राहील, त्याहून अधिक नाही, आणि ती संपण्यापूर्वी निवडणूक पूर्ण झाली पाहिजे. किशनसिंग तोमर विरुद्ध अहमदाबाद महानगरपालिका या खटल्यात २००६ साली सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने हे बंधन किती कडक आहे ते स्पष्ट केले. नैसर्गिक आपत्ती किंवा दंगल अशी अपवादात्मक परिस्थिती सोडली, तर निवडणूक लांबवता येणार नाही, असा त्या निकालाचा आशय आहे.

कोरोना ही अपवादात्मक परिस्थिती होती, हे कोणीही मान्य करील. पण ती किती काळ होती? ऑक्टोबर-नोव्हेंबर २०२० मध्ये, ऐन साथीत, बिहार विधानसभेची निवडणूक झाली. १५ जानेवारी २०२१ रोजी याच महाराष्ट्रात हजारो ग्रामपंचायतींसाठी मतदान झाले. एप्रिल २०२१ मध्ये दुसरी लाट उसळत असताना पंढरपूर विधानसभेची पोटनिवडणूक झाली. २०२४ साली लोकसभा आणि विधानसभा या दोन्ही निवडणुका वेळेवर झाल्या. आमदार-खासदार निवडताना विषाणू आड आला नाही. तो फक्त नगरसेवक निवडतानाच आड आला काय?

खरे कारण पुढे उघड झाले. ४ मार्च २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने विकास गवळी प्रकरणात निकाल दिला की, स्थानिक स्वराज्य संस्थांतील ओबीसी आरक्षणासाठी स्वतंत्र आयोग नेमून मागासलेपणाची माहिती गोळा करावी लागेल आणि एकूण आरक्षण ५० टक्क्यांच्या वर जाता कामा नये. माहिती कुठून आणायची? २०११ च्या सामाजिक, आर्थिक व जातनिहाय सर्वेक्षणाची माहिती केंद्राकडे होती. ती सदोष आहे, वापरण्याजोगी नाही, असे केंद्राने २०२१ साली न्यायालयात सांगितले. त्याच वर्षीची जनगणनाही झालेली नव्हती. मग २०२२ मध्ये बांठिया आयोग आला, त्याचा अहवाल आला, त्यावर वाद झाला. एका सरकारने सदस्यसंख्या वाढवली, दुसऱ्याने ती पुन्हा खाली आणली. ऑगस्ट २०२२ मध्ये ‘जैसे थे’चा आदेश झाला आणि पुढची जवळजवळ तीन वर्षे तारखांमागून तारखा पडत गेल्या. अखेर ६ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निवडणुका घेण्याचा आदेश दिला, तेव्हा कुठे यंत्रणा हलली.

या काळात मुंबईच्या सत्तेवर आघाडीही होती आणि युतीही होती. दोघांनाही प्रशासकराज सोयीचे वाटले. महापालिकेची तिजोरी मंत्रालयातून चालवता येत असेल, तर सभागृहातील प्रश्नोत्तरांची कटकट कोणाला हवी? ओबीसी बांधवांना त्यांचे आरक्षण मिळालेच पाहिजे, याबद्दल आमच्या मनात शंका नाही. पण त्यांच्या आरक्षणाचे नाव पुढे करून ओबीसी, अनुसूचित जाती, स्त्रिया या सर्वांचेच प्रतिनिधित्व पाच वर्षे गोठवण्यात आले, हे विसरता येत नाही.

कारण अनुच्छेद २४३ टी नुसार पालिकेत अनुसूचित जातींना लोकसंख्येच्या प्रमाणात जागा राखीव असतात. सभागृहच नसेल तर राखीव जागा कुठली? खुल्या वर्गातील धनवंताला नगरसेवक नसला तरी आयुक्तांच्या दालनात थेट प्रवेश असतो. बिल्डरचा आणि ठेकेदाराचा दूरध्वनी उचलला जातो. सिद्धार्थनगर किंवा राजेंद्रनगर अशा वस्तीतील बाईने गटार तुंबल्याची तक्रार कोणाकडे करायची? तिच्यासाठी नगरसेवक हाच शासनाचा एकमेव दिसणारा चेहरा असतो. जुलै २०२१ मध्ये साथ पुरती ओसरली नसताना पंचगंगेचा महापूर आला. २०१९ च्या पुराच्या जखमा अजून ओल्या होत्या. एकीकडे रोग, दुसरीकडे पूर, आणि पंचनाम्याच्या यादीत नाव का नाही हे विचारण्यास सभागृहात कोणी नाही! दलित वस्ती सुधारणेचा निधी कुठे गेला, सफाईचे काम ठेक्याने किती दिले, ठेकेदाराने कामगारांचा भविष्य निर्वाह निधी भरला की नाही, हे प्रश्न पाच वर्षे सभागृहात विचारले गेले नाहीत. ज्या सफाई कामगारांना साथीत ‘योद्धे’ म्हणून टाळ्या मिळाल्या, त्यांच्यातील ठेक्यावरचे बांधव आजही कायम होण्याची वाट पाहत आहेत. मुंबईतील २,७०० कंत्राटी सफाई कामगारांना सर्वोच्च न्यायालयापर्यंत लढून २०१७ मध्ये कायम होण्याचा निकाल मिळवावा लागला. टाळ्यांनी कोणी कायम होत नाही. संघटनेने आणि कायद्यानेच होतो.

इचलकरंजीचा प्रकार तर आणखी बोलका आहे. २०२२ साली नगरपालिकेची महानगरपालिका झाली. दर्जा वाढला, पण पहिली निवडणूक व्हायला २०२६ उजाडावे लागले. टाळेबंदीत यंत्रमाग थांबले तेव्हा या शहरातील कामगारांच्या चुली विझल्या. या शहराच्या पाण्याचा प्रश्न वर्षानुवर्षे लोंबकळत आहे. वारणेचे पाणी न्यायचे ठरले तर दानोळी व काठावरची गावे विरोधात उभी राहिली, दूधगंगेचे ठरले तर तिकडची. गाव आणि शहर एकमेकांसमोर उभे केले गेले. आणि तोडगा काढण्यासाठी बसायचे कोणी, तर जिल्हा परिषदेत मार्च २०२२ नंतर प्रशासक आणि महापालिकेतही प्रशासक! दोन प्रशासक एकमेकांना पत्रे लिहितात, लोक मात्र पाण्याविना राहतात.

दुसरी पुढे ढकललेली गोष्ट म्हणजे जनगणना. १८८१ पासून या देशात दर दहा वर्षांनी जनगणना होत आली. १९१८ च्या इन्फ्लुएंझाने एवढी माणसे मारली की १९११ ते १९२१ या दशकात भारताची लोकसंख्या घटली. तरी १९२१ ची जनगणना झाली. दुसरे महायुद्ध पेटले असताना १९४१ ची झाली. परकीय इंग्रजांनी जे चुकवले नाही ते स्वतंत्र भारतात २०२१ मध्ये चुकले. आता अधिसूचनेनुसार १ मार्च २०२७ ही संदर्भ तारीख ठरली आहे आणि ३० एप्रिल २०२५ रोजी केंद्र सरकारने जातनिहाय गणनेलाही मान्यता दिली आहे.

जनगणना लांबली म्हणून गरिबाचे काय बिघडले, असे काही शहाणे विचारतात. रेशन दुकानात जाऊन पाहावे. राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायदा २०१३ साली झाला. त्याचा लाभ देशात ८१.३५ कोटी लोकांना द्यायचा, हा आकडा २०११ च्या जनगणनेवरून ठरला. महाराष्ट्राच्या वाट्याला सुमारे ७ कोटी लाभार्थी आले. त्यात ग्रामीण भागातील ७६.३२ टक्के आणि शहरी भागातील केवळ ४५.३४ टक्के लोकसंख्या धरली गेली. लोकसंख्या वाढली, खेड्यातून शहरात आलेल्यांची संख्या वाढली, साथीत हजारो घरांतील कमावता माणूस गेला. पण आकडा तिथेच! नवीन शिधापत्रिका घेऊन पुरवठा कार्यालयात गेले की कारकून सांगतो, ‘इष्टांक संपला आहे.’ १ जानेवारी २०२३ पासून धान्य मोफत केले म्हणून जाहिराती झाल्या. ज्याचे नाव यादीतच नाही, त्याला मोफत धान्याचा उपयोग काय? म्हणजे जनगणना न होणे हा निव्वळ आकडेमोडीचा विषय नाही. न मोजलेल्या माणसाच्या ताटातली भाकरी त्यामुळे जाते.

न मोजण्याचा हा खेळ साथीच्या पहिल्या दिवसापासून सुरू होता. २४ मार्च २०२० रोजी रात्री चार तासांच्या मुदतीत सारा देश बंद केला गेला. लाखो मजूर पायी निघाले. ८ मे २०२० रोजी करमाडजवळ रेल्वे रुळावर थकून झोपलेले १६ मजूर मालगाडीखाली चिरडले गेले. त्यांच्याजवळच्या भाकऱ्या रुळांवर विखुरलेल्या साऱ्या देशाने पाहिल्या. सप्टेंबर २०२० मध्ये संसदेत विचारले गेले, किती स्थलांतरित मजूर वाटेत मेले? कामगार मंत्रालयाचे उत्तर होते की, अशी माहिती उपलब्ध नाही; आणि माहिती नाही म्हणून नुकसानभरपाईचा प्रश्न उद्भवत नाही. वकिली करणाऱ्या माणसाला या उत्तराचा अर्थ बरोबर कळतो. नोंद नाही म्हणजे पुरावा नाही, आणि पुरावा नाही म्हणजे हक्क नाही. पूर्वी मनूने अस्पृश्याला गावाच्या वेशीबाहेर ठेवले. आजची यंत्रणा त्याला नोंदवहीच्या बाहेर ठेवते.

वारणा खोऱ्यातील वाचकांना हे दूरचे वाटू नये. दरवर्षी मराठवाड्यातून ऊसतोड मजुरांच्या टोळ्या आपल्याकडे येतात. मुकादमाची उचल फेडण्यासाठी नवरा-बायको मिळून कोयता चालवतात. त्यांत दलित, बौद्ध, वंजारी, बंजारा असे सारे बहुजन आहेत. मार्च-एप्रिल २०२० मध्ये पश्चिम महाराष्ट्रातील साखर कारखान्यांच्या परिसरात लाखाहून अधिक ऊसतोड मजूर खोपींत अडकून पडले. गाळप संपलेले, जिल्ह्याच्या सीमा बंद. शासनाने त्यांना गावी जाण्याची परवानगी दिली ती एप्रिलच्या मध्यानंतर. आंतरराज्य स्थलांतरित कामगारांसाठी १९७९ चा कायदा होता, पण तो राज्याची सीमा ओलांडणाऱ्यांसाठी. बीडहून पन्हाळा तालुक्यात येणाऱ्याला तोही लागू नव्हता.

आणि ज्या अधिवेशनात मेलेल्या मजुरांची माहिती नाही असे उत्तर आले, त्याच अधिवेशनात, प्रश्नोत्तराचा तास रद्द केलेला असताना, तीन कामगार संहिता मंजूर झाल्या. वेतनाची संहिता २०१९ मध्ये झाली होती. या चारही संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आल्या आहेत. कारखाना बंद करण्यासाठी वा कामगार कपात करण्यासाठी शासनाची पूर्वपरवानगी लागण्याची मर्यादा १०० वरून ३०० कामगारांवर गेली. शिरोली, गोकुळ शिरगावच्या औद्योगिक वसाहतींत ३०० कामगारांचे कारखाने किती सापडतील? म्हणजे बहुतेक कामगारांच्या डोक्यावरचे छत्र गेले.

कामाच्या तासांची कथाही तशीच. २०२० साली गुजरात शासनाने साथीचे कारण सांगून कारखान्यांत १२ तासांचा दिवस लागू केला आणि जादा कामाचा दुप्पट दर काढून घेतला. १ ऑक्टोबर २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती अधिसूचना रद्द केली. महामारी ही देशाच्या सुरक्षेला धोका निर्माण करणारी ‘सार्वजनिक आणीबाणी’ ठरत नाही, असे न्यायालयाने ठरवले. तरीही सप्टेंबर २०२५ मध्ये आपल्या राज्य मंत्रिमंडळाने कारखान्यांत १२ तासांपर्यंत आणि दुकानांत १० तासांपर्यंत काम घेण्याची मुभा देण्यास मान्यता दिली. आठवड्याचे तास कायम राहतील आणि कामगाराची संमती घेतली जाईल, असे सांगितले जाते. ठेक्यावरच्या कामगाराची संमती म्हणजे काय असते, हे त्यालाच विचारा! १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूर खाते सांभाळणाऱ्या बाबासाहेबांनी कामाचे तास ४८ वर आणण्यासाठी जे केले, त्याची ही उलटी वाटचाल आहे.

शिक्षणाबद्दल वारणानगरच्या माणसाने बोललेच पाहिजे. १९९८ साली ‘वायर्ड व्हिलेज’ प्रकल्पाने वारणेचे नाव जगभर गेले. कोल्हापूर-सांगली जिल्ह्यांतील ७० गावे संगणकाने जोडण्याची ती योजना होती. गावोगावी संगणक आले. पण पुढे त्यांचा मुख्य उपयोग झाला तो सहकारी संस्थांच्या कामासाठी, ऊस उत्पादक सभासदाला नोंद, टनेज, पाणी-खताची माहिती मिळण्यासाठी. ज्याच्या नावावर ऊस नाही, जो सभासद नाही, त्या भूमिहीनाला त्या संगणकाशी काय कर्तव्य? यंत्र गावात आले तरी ते कोणाच्या वाड्यात बसते यावर त्याचा उपयोग ठरतो. २०२० मध्ये शाळा बंद पडल्या आणि शिक्षण मोबाईलवर आले, तेव्हा तीच गोष्ट घरोघरी घडली. एका घरात एक मोबाईल, तो बाप कामावर घेऊन जाणार. तीन भावंडांतला अभ्यास कोणाचा होणार, तर मुलाचा. मुलगी मागे राहणार. त्या दोन वर्षांत मागे पडलेली मुले आज दहावी-बारावीच्या उंबरठ्यावर आहेत किंवा शाळा सोडून कामाला लागली आहेत. डिसेंबर २०२० मध्ये केंद्राने अनुसूचित जातींच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीसाठी पाच वर्षांकरिता ५९,०४८ कोटींची योजना मंजूर केली. मोठा आकडा ऐकून समाधान मानू नये. शिष्यवृत्ती वेळेवर खात्यात जमा होते की महाविद्यालय आधी फी भरायला लावते, हे प्रत्येक गावातील कार्यकर्त्याने तपासले पाहिजे.

साथीनंतर काय मागायचे असते, हे आपल्याला इतिहासाने शिकवले आहे. १८९७ च्या प्लेगमध्ये रुग्णांची सेवा करताना सावित्रीमाई गेल्या. प्लेग आणि दुष्काळाची वर्षे सोसलेल्या याच करवीर संस्थानात २६ जुलै १९०२ रोजी राजर्षी शाहू महाराजांनी ५० टक्के जागा मागासवर्गीयांसाठी राखीव केल्या. संकटानंतर खजिना रिकामा आहे, म्हणून हक्क लांबणीवर टाका, असे त्यांनी म्हटले नाही. १९१८ च्या शरद ऋतूत इन्फ्लुएंझाने मुंबईच्या चाळी ओस पाडल्या. त्यानंतर थोड्याच महिन्यांनी, २७ जानेवारी १९१९ रोजी, तरुण प्राध्यापक भीमराव आंबेडकर साउथबरो समितीपुढे साक्ष द्यायला उभे राहिले. त्यांनी दया मागितली नाही, मदतनिधी मागितला नाही. अस्पृश्यांच्या लोकसंख्येचा हिशेब मांडून त्यांनी मतदानाचा हक्क आणि प्रतिनिधित्व मागितले. पुढच्याच वर्षी, २१ व २२ मार्च १९२० रोजी, आपल्याच जिल्ह्यात माणगावची परिषद झाली. त्या परिषदेची शताब्दी आली ती २२ मार्च २०२० रोजी, नेमकी ‘जनता कर्फ्यू’च्या दिवशी! शताब्दी घरात बसून गेली हे खरे. पण माणगावचा विचार घरात बसवून ठेवण्याची गरज नाही.

मग आज करायचे काय? पहिले, निवडून आलेल्या सभागृहावर नजर ठेवा. कोल्हापुरात २०१५ मध्ये एका प्रभागाला एक नगरसेवक होता. २०२६ मध्ये बहुसदस्यीय प्रभाग आले. प्रभाग मोठा झाला की वस्तीचे मत पातळ होते आणि राखीव जागेवरही प्रस्थापितांच्या मर्जीतला उमेदवार येणे सोपे जाते. पुणे कराराची हीच तर खंत बाबासाहेबांनी आयुष्यभर सांगितली. तेव्हा आपल्या प्रभागातील सर्व नगरसेवकांना वस्तीत बोलवा. महानगरपालिका कायद्यात क्षेत्र सभेची तरतूद आहे. ती भरवण्याची लेखी मागणी करा. प्रशासकाच्या पाच वर्षांतील दलित वस्ती निधीचा हिशेब माहिती अधिकारात मागा.

दुसरे, जनगणनेची तयारी आतापासून करा. २०११ मध्ये देशात ८४ लाखांवर बौद्धांची नोंद झाली, त्यांतील ६५ लाखांवर महाराष्ट्रातील होते. १९९० च्या दुरुस्तीने बौद्धांना अनुसूचित जातीच्या सवलती लागू झालेल्या आहेत. म्हणून धर्माच्या रकान्यात ‘बौद्ध’ आणि जातीच्या रकान्यात दाखल्यावर आहे तीच जात, असे स्पष्ट सांगा. जातीचे नाव सांगताना संकोच वाटणे स्वाभाविक आहे. पण अनुसूचित जातींची संख्या कमी नोंदली गेली तर राखीव जागा कमी होतील, निधी कमी होईल. प्रगणक स्वतःच्या मनाने ‘हिंदू’ लिहीत नाही ना, हेही पाहा. प्रत्येक बुद्धविहारात यासाठी दोन शिकलेली मुले-मुली बसवा.

तिसरे, न्यायालयाचा उपयोग करा. १७ ऑगस्ट २०२५ रोजी तत्कालीन सरन्यायाधीश भूषण गवई यांच्या हस्ते मुंबई उच्च न्यायालयाच्या कोल्हापूर सर्किट बेंचचे उद्घाटन झाले. सहा जिल्ह्यांतील पक्षकारांची मुंबईची फेरी वाचली. ज्याला पूर्वी मुंबईचे भाडे आणि मुक्कामाचा खर्च परवडत नव्हता, तो कामगार, ती विधवा आता सकाळची एसटी पकडून न्याय मागू शकते. इष्टांकामुळे नाकारलेली शिधापत्रिका, ठेकेदाराने बुडवलेले वेतन, प्रमाणपत्रावर कोरोनाचा उल्लेख नाही म्हणून अडवलेले ५० हजारांचे सानुग्रह अनुदान अशी प्रकरणे कागदपत्रांसह गोळा करा. केवळ मृत्यूच्या दाखल्यात कोरोना लिहिलेला नाही म्हणून हे अनुदान नाकारता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२१ मध्येच बजावले आहे. चळवळीतील वकिलांनी आठवड्यातला एक दिवस या कामासाठी द्यावा.

साथ पुन्हा येईल किंवा येणार नाही. पण पुढच्या संकटातही ‘आता ही वेळ नाही, हक्काचे नंतर पाहू’ असे सांगणारे राज्यकर्ते येतीलच. त्या वेळी आपली नोंद पक्की, आपले प्रतिनिधी जागे आणि आपली संघटना उभी असेल, तरच त्यांना जाब विचारता येईल. शिका, संघटित व्हा, संघर्ष करा, हा मंत्र जयंतीच्या फलकापुरता ठेवू नका. या वर्षी त्याला आपल्या प्रभागात आणि आपल्या गावात कामाला लावा.

जय भीम! जय भारत!